जुनी मोटार घेण्यापूर्वी



आपल्या वऱ्हाडात, विशेषतः शिक्षकमंडळींत, ‘अपडाऊन’ हा शब्द आता मराठीच होऊन बसला आहे. घर अमरावतीस आणि शाळा दर्यापूर तालुक्यात. घर अकोल्यास आणि शाळा तेल्हाऱ्याकडे. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. शिक्षकाने मुख्यालयी राहावे की नाही हा वाद निराळा. तो आज काढला तर माझी ठरलेली वेळ त्यातच सरेल. पण रोजचे जाणे-येणे ही गोष्ट खरी आहे, आणि त्यासाठी साधन लागते हेही खरे. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आपली शकुंतला आता बंद पडलेली. राहता राहिली एसटी. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीच्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या पाच-सहा महिन्यांत कित्येकांनी घरातली पुंजी मोडून जुन्या छोट्या मोटारी घेतल्या. मीही त्यांतलाच एक. मी शाळामास्तर आहे, मिस्त्री नव्हे. तेव्हा आज जे सांगणार आहे ते थोडे मिस्त्र्यांपासून शिकलेले आणि थोडे खिशातून पैसे देऊन शिकलेले आहे.

झाले असे, की माझ्यापुढे दोन गाड्या होत्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या, तीन सिलिंडरच्या लहान पेट्रोल गाड्या. वयाने जवळपास सारख्या. पहिली अकोल्याला. तिच्या मीटरवर ५२,००० किलोमीटर. रंग चकचकीत, सीटांना नवी कव्हरे. दुसरी अमरावतीची. तिच्या मीटरवर १,३८,००० किलोमीटर. दारावर दोन ओरखडे, सीट बसून गेलेली. दुसरीचा मालक औषधांच्या कामाने रोज अमरावती-अकोला करणारा गृहस्थ. त्याने गाडीच्या खणातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर तेल बदलले, ब्रेक कधी केले, बॅटरी कधी घातली, सारे त्यात लिहिलेले. मी वही चाळली आणि परत दिली. माझे डोळे त्या ५२ हजारांवर खिळलेले होते. अकोल्याची गाडी ४० हजार रुपये जास्त देऊन मी घरी आणली. वहीवाली गाडी माझ्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याने घेतली.

जानेवारीत गाडी घेतली. एप्रिलच्या एका दुपारी दर्यापूरच्या रस्त्यावर तापमानाचा काटा वर चढला, पुढून वाफ निघू लागली आणि गाडी थांबली. ओढून आणली. मिस्त्रीने इंजिन उघडले. हेडचे गॅस्केट जळले होते, रेडिएटर आतून क्षारांनी भरला होता. बॉनेटखाली कोपऱ्यात, धुळीखाली, एक जुनी चिकटपट्टी निघाली. २०१८ सालची, तेल बदलल्याची नोंद. तिच्यावर लिहिले होते १,१८,०००. म्हणजे मी गाडी घेण्यापूर्वी चार वर्षांआधीच ती सव्वा लाखाच्या घरात धावलेली होती. मिस्त्री पट्टीकडे पाहून म्हणाला, “गुरुजी, आकडा कायले पाहता? आकडा त पोट्टंबी मांगं फिरवते. तेल पाहा, पानी पाहा.”

लोकांचा असा समज आहे, की डिजिटल मीटर फिरवता येत नाही. हा समज चुकीचा आहे. पूर्वी काट्याचे मीटर सोडवून चाके मागे फिरवीत. आता एक उपकरण जोडून मिनिटांत आकडा बदलतात. म्हणून मीटर हा एक साक्षीदार आहे असे धरावे, आणि त्याची साक्ष इतरांशी ताडून पाहावी. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे आणि मीटर मात्र ४० हजार सांगते, हे जुळत नाही. स्टिअरिंगची कड, गिअरच्या दांड्याचा मुठा, चालकाच्या सीटची बाहेरची बाजू, ही सगळी बोलकी ठिकाणे आहेत. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या कोरलेली असते. तिचे पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत जात असेल, तर तिथे गाडीच्या नंबरावरून मागच्या नोंदी निघू शकतात. मालकाला बरोबर घेऊन जाऊन त्या पाहाव्या. मालक यायला टाळाटाळ करू लागला तर तेही एक उत्तरच समजावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा आकडा खरा आहे, आणि तो मोठा आहे. सव्वा लाख, दीड लाख. अशी गाडी रोजच्या कामाला घ्यावी का? माझे उत्तर आहे, की पुष्कळदा घ्यावी. कारण सांगतो.

इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते ती ते थंड असताना सुरू करण्याच्या वेळी. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातले तेल खाली उतरून बसलेले असते. चावी फिरविल्यावर ते वर चढून सगळीकडे पोचेपर्यंत धातूवर धातू कोरडाच घासतो. विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्यांनी चालविले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. एकदा सुरू करून दिवसभर चाललेले इंजिन वर्षानुवर्षे टिकते. तासातासाला बंद-चालू केलेले लवकर खडखडू लागते. गावातल्या गावात भाजीला, दवाखान्याला, मुलांना शाळेत सोडायला वापरलेली गाडी दहा वर्षांत ५० हजार धावते खरी, पण तिच्या नशिबी थंड सुरुवाती हजारोंनी येतात. शिवाय तिथे क्लच दाबणे, ब्रेक मारणे सततचे. महामार्गावर रोज शंभर किलोमीटर एका गतीने धावणारी गाडी आकड्याने मोठी होते, पण तिचा क्लच, ब्रेक, गिअर ह्यांना त्या मानाने काम कमी पडते. अमरावती-अकोला हा आपला राष्ट्रीय महामार्ग ५३ घ्या. लोणी ते माना ह्या भागात ७५ किलोमीटरचा डांबरी थर २०२२ च्या जून महिन्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला, आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्या रस्त्यावरचे एक लाख किलोमीटर आणि काळ्या मातीच्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या व पावसाळ्यात फुगणाऱ्या शिवाररस्त्यावरचे एक लाख किलोमीटर सारखे नव्हेत. तेव्हा मालकाला पहिला प्रश्न ‘किती चालली’ हा विचारण्यापेक्षा ‘कुठे चालली, कोण चालवीत होते’ हा विचारावा.

दुसरा हिशेब आपल्या वापराचा. माझे येणे-जाणे रोज शंभर किलोमीटर. महिन्याचे २२ दिवस धरले तर २,२०० किलोमीटर. सुट्ट्या वजा जाऊन आणि घरची कामे मिळवून वर्षाला सुमारे २२,००० होतात. म्हणजे मीटरवर ५० हजार कमी असलेली गाडी मी जास्त पैसे देऊन घेतली, तर तो ‘कमीपणा’ सव्वादोन वर्षांत संपतो. तेवढ्यासाठी ४० हजार रुपये जास्त का द्यावेत? ज्याची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघणार आहे त्याने आकड्याला किंमत द्यावी. रोज धावणाऱ्याने गाडीच्या निगेला द्यावी. माझ्या सहकाऱ्याची ती ओरखड्यांची गाडी आज सव्वादोन लाखांच्या घरात आहे. वही अजून चालू आहे. अक्षर तेवढे बदलले.

पेट्रोलचा हिशेबही आधी मांडावा. लिटरला १८ किलोमीटर आणि भाव १०५ रुपये धरला, तर माझ्या २,२०० किलोमीटरना १२२ लिटर, म्हणजे पावणेतेरा हजारांच्या घरात महिन्याचा खर्च होतो. एकट्याला हे परवडणारे नाही. चौघे सहकारी पेट्रोल वाटून घेऊन जातात तेव्हा माणशी तीन-सव्वातीन हजार पडतात. मात्र भाडे घेऊन प्रवासी नेणे ही गोष्ट वेगळी. खाजगी नोंदणीच्या गाडीला ती परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. ज्यांच्या गावाला वेळेवर एसटी आहे त्यांनी पास काढावा आणि गाडीचा नाद सोडावा, असे मी मनापासून सांगेन.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण हा प्रश्न खास आपल्या मुलखाचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा ह्या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी किती खारे हे तिथल्या गृहिणींस विचारावे. त्या पाण्याने डाळ नीट शिजत नाही. हेच पाणी कित्येक जण गाडीच्या रेडिएटरमध्ये ओततात. इंजिनाची उष्णता बाहेर नेण्यासाठी रेडिएटरमध्ये बोरूसारख्या अरुंद नळ्या असतात. खाऱ्या पाण्यातला क्षार त्यांत खडबडीत थर धरतो, चहाच्या भांड्याला धरतो तसा. नळी अरुंद होते, पाणी फिरत नाही. शिवाय क्षारामुळे अॅल्युमिनियमचे भाग आतून खाल्ले जातात. हिवाळ्यात हे कळत नाही. अकोल्याचा पारा एप्रिल-मे महिन्यात ४५ च्या वर गेला, की एअरकंडिशनर लावून चाललेल्या गाडीचे इंजिन तापू लागते, आणि हेडचे गॅस्केट जाते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

रेडिएटरमध्ये साधे पाणी न घालता कूलंट घालावे. कूलंट म्हणजे बॅटरीत घालतो तसल्या शुद्ध पाण्यात ग्लायकोल आणि गंज रोखणारी द्रव्ये मिसळून केलेले रंगीत द्रावण. त्याचा उकळबिंदू पाण्यापेक्षा वर असतो. आणि रेडिएटरचे झाकण घट्ट बसत असल्याने, आपल्या प्रेशर कुकरप्रमाणे, आत दाब राहून तो आणखी वर जातो. म्हणूनच झाकण सैल झालेली गाडी लवकर उकळते. गाडी पाहावयास जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून आत पाहा. गरम असताना ते झाकण कदापि उघडू नये, तोंड-हात भाजतात. आत हिरवे, निळे किंवा लालसर स्वच्छ द्रावण दिसले तर ठीक. विटकरी, गढूळ पाणी दिसले तर समजावे, की इथे बोअरचे पाणी ओतले गेले आहे. नंतर गाडी सुरू करून, एअरकंडिशनर लावून, जागेवरच १५-२० मिनिटे चालू ठेवा. पुढचा पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे, बंद झाला पाहिजे, आणि काटा मध्याच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे काही मिस्त्री उन्हाळ्याच्या भीतीने आतला थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. ती काढली की इंजिन नेहमीच गारठलेले राहते, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते. तो काढला आहे का हे सरळ विचारावे.

गाडी पाहण्याची वेळ सकाळची ठेवा, आणि मालकाला सांगा, की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर गाडी आधीच चालवून ठेवली आहे. ती थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असावी असा संशय घ्यायला जागा आहे. तेलाची पट्टी ओढून पाहा. तेल काळे असेल तर भिण्याचे कारण नाही, ते काळे होतच असते. पण दुधाच्या चहासारखे दिसले तर तेलात पाणी गेले आहे. नमस्कार करून घरी यावे. सुरू केल्यावर मागच्या नळीतून निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याची खूण. पांढरी वाफ थंडीच्या सकाळी दोन मिनिटे दिसणे साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. आणखी एक बारीक गोष्ट. चावी अर्धी फिरविली की मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाल्यावर तो विझतो. तो विझला नाही तर दोष आहे. तो मुळीच लागला नाही, तर दोष लपविण्यासाठी कोणी दिवाच काढून टाकला असण्याचा संभव असतो.

मग गाडी चालवून पाहावी, तीही गावाबाहेर. सरळ सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरल्यास गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर पायाखाली थरथर होते का, गतिरोधकावर पुढून ठक्‌ असा आवाज येतो का, हे पाहायचे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक-टक असा आवाज आला तर पुढच्या चाकांना फिरविणाऱ्या दांड्याचे सांधे झिजले आहेत. क्लचसाठी, हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच पकडतो आहे. गुरगुरत चालूच राहिले तर क्लच बदलण्याचा खर्च भावातून कमी करून मागा. ही परीक्षा एकदाच करावी. दुसऱ्याची गाडी आहे.

टायमिंग बेल्टबद्दल अवश्य विचारा. काही इंजिनांत आतली साखळी असते, ती बरीच वर्षे चालते. काहींत दातेरी रबरी पट्टा असतो, आणि तो कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरला बदलावा लागतो. न बदलता तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते, आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून मोठा खर्च निघतो. मालकापाशी बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असेच धरून चालावे.

पत्र्याची तपासणी मी थोडक्यात सांगतो. पायाखालची चटई उचला, डिकीतले जादा चाक काढून खाली पाहा. गंज तिथे लपलेला असतो. एक लहान लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांवरून, मडगार्डवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुटीचा जाड लेप आहे, म्हणजे ठोकर लागलेली आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला गाळाची रेघ दिसते का तेही पाहा. २०१९ सालच्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर पाण्यात बुडालेल्या मोटारींचा प्रश्न फार मोठा झाला. अशी गाडी धुऊन-पुसून कुठेही विकायला येऊ शकते, आणि तिच्या विजेच्या जोडण्या पुढे वर्षभर छळतात.

कोणत्या कंपनीची घ्यावी, असे मला बरेच जण विचारतात. मी नाव सांगत नाही, कसोटी सांगतो. आपल्या तालुक्याच्या गावी जिचे सुटे भाग दुकानात मिळतात आणि जिची नस दोन-तीन मिस्त्र्यांना ठाऊक आहे, ती घ्यावी. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत तिने गावोगावी मिस्त्री तयार केले, आणि पुढच्या छोट्या गाड्यांना त्यांचा उपयोग झाला. उलट शेव्हरोलेची विक्री भारतात २०१७ अखेर थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले. ह्या गाड्या वाईट होत्या असे मुळीच नाही. पण त्या बाजारात स्वस्त का मिळतात हे लक्षात घ्यावे. एका भागासाठी नागपूर-पुण्याहून पार्सलची वाट पाहत आठवडाभर शाळेला दांडी मारणे जमणार नसेल, तर त्या मोहात पडू नये.

गॅसच्या गाडीबद्दलही सावध राहावे. सीएनजीची टाकी बसविलेली असेल तर तिची नोंद गाडीच्या नोंदणीपत्रात हवी, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची तपासणी झालेली हवी. घरगुती स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालविलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. मुलाबाळांना घेऊन बसायचे आहे तिच्यात. पेट्रोलमध्येही आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर ह्या मिश्रणासाठी बनविलेले नाहीत. जुनी गाडी घेतल्यावर पेट्रोलच्या नळ्या एकदा तपासून, भेगा पडलेल्या असतील त्या बदलून घ्याव्या.

आता कागदपत्रे. इथे आपली माणसे फार भोळी वागतात. पैसे दिले, चावी घेतली, स्टॅम्पवर सही झाली, की व्यवहार संपला असे त्यांना वाटते. कायद्याच्या नजरेत तो तिथे सुरू होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणीपत्रावर नाव बदलून घ्यायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे नमुने आहेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. गाडी परराज्यातली असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. कोऱ्या नमुन्यावर सही करून देण्याची जी रीत पडली आहे ती दोघांनाही घातक आहे.

ती का घातक, ते फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून कळेल. एक मोटार एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली गेली. नोंदणीपत्रावर मात्र पहिल्याचेच नाव राहिले. पुढे तिच्या अपघातात माणूस दगावला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले, की ज्याचे नाव नोंदणीत, तोच कायद्याने मालक, आणि जबाबदारी त्याचीच. तेव्हा शिक्षकबंधूंनो, आपली जुनी गाडी विकतानाही नाव बदलल्याची खात्री झाल्यावाचून स्वस्थ बसू नका. घेणारा म्हणेल, “करतो ना गुरुजी, कायची घाई हाय?” घाई आहे असे त्याला सांगा. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना, विकून तीन वर्षे झालेल्या गाडीच्या दंडाच्या सूचना अजून मोबाइलवर येतात.

विम्याचेही तसेच. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असे कायदा धरतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करून विमा आपल्या नावे करून घ्यावा लागतो. गाडीच्या चासीवर ठोकलेला नंबर नोंदणीपत्रातल्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवून पाहा. थकलेले दंड, विम्याची मुदत, कर्जाची नोंद हे सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून पाहता येते. हायस्कूलचा एखादा मुलगा जवळ बसविलात तर पाच मिनिटांचे काम आहे.

आणि गाडीचे वय. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. वाढवून घेण्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. २० वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. चौदा वर्षांची गाडी ‘फार स्वस्त’ मिळते तेव्हा हा खर्च वर्षभरात दाराशी उभा आहे हे ध्यानात असू द्या. पहिल्या नोंदणीची तारीख विचारा. ‘कितव्या सालचं मॉडेल’ एवढ्यावर भागत नाही.

शेवटी पैशाची वाटणी. आपल्यापाशी दीड लाख असतील तर गाडी एक लाख वीस हजारांपर्यंतची पाहावी आणि तीस हजार बाजूला ठेवावेत. कारण धावलेली गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात तेल, तेलाचा आणि हवेचा फिल्टर, कूलंट, ब्रेकचे तेल, पट्टे ही कामे, मालकाने काहीही सांगितलेले असो, करून घ्यावीच लागतात. हवेच्या फिल्टरकडे आपल्याकडे विशेष लक्ष हवे. कापसाच्या हंगामात आणि उन्हाळ्यातल्या वावटळीत तो पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा फार आधी भरतो. टायर आणि बॅटरी ह्यांचा नंबर पुढच्या दोन-तीन महिन्यांत लागू शकतो. जिल्हा परिषदेच्या पगाराची तारीख किती पुढे-मागे होते हे श्रोत्यांना मी सांगायला नको. म्हणून ते तीस हजार आधीच वेगळे असलेले बरे.

माझ्या गाडीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. हेड दुरुस्त केले, रेडिएटर नवा घातला, पट्टा बदलला. भावात जे ४० हजार जास्त दिले होते, जवळपास तेवढेच पुन्हा गेले. गाडी आता नीट चालते. तिच्या खणात मीही एक वही ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर मीटरच्या आकड्याशेजारी मिस्त्रीच्या अंदाजाचा आकडा लिहून ठेवला आहे, म्हणजे उद्या ती घेणाऱ्याला दोन्ही दिसतील.